पाहुणा, फक्त एकदा

"हा विचारतोय, कशाने उघडू?"

"बरणी असेल तर ओट्यावर चमचा आहे," शरयू स्वयंपाकघरातून म्हणाली. "झाकणाखाली घाला आणि उचका."

"बरणी नाही. लिंक."

ती हात पुसत बाहेर आली आणि माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावली. पडद्यावर दोन चौकोन होते. एकात अ‍ॅपचं चिन्ह, दुसऱ्यात ब्राउझरचं. त्यांच्या खाली आणखी दोन शब्द होते, ‘फक्त एकदा’ आणि ‘नेहमी’. माझं वय तेव्हा एकोणसत्तर. इतके नेमके प्रश्न मला लग्नातही कुणी विचारले नव्हते.

"दाबा काहीतरी," शरयू म्हणाली. "चार वाजले. त्यांचं सुरू झालं असेल."

त्यांचं म्हणजे रेवणसिद्ध बिराजदारचं. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस रोज दुपारी चारला घरातल्या फळ्यासमोर उभा राहून मोडी लिपी शिकवायचा, आणि त्याची बायको नीलावहिनी समोर फोन धरून ते जगाला दाखवायची. वर्गाची लिंक ती शरयूला पाठवायची आणि शरयू मला. आम्हां दोघा मित्रांमध्ये तेव्हा अकरा वर्षांचा अबोला होता. बायकांनी त्या अबोल्याचा कधीच मान राखला नाही. अकरा वर्षं शेंगाचटणी इकडून तिकडे आणि कडक भाकरी तिकडून इकडे बिनदिक्कत चालू होती.

मी बंगळूरला मुलीला फोन लावला. मृदुला अशा वेळी डॉक्टर बोलतात तशी बोलते, म्हणजे आपल्याला मूल समजून.

"बाबा, अ‍ॅप तुमच्या फोनात मीच टाकलंय. तुमच्या नावाने. अ‍ॅपमध्ये उघडलंत तर तुमचं नाव आणि फोटो तिकडे दिसणार."

"कुठला फोटो?"

"पासपोर्टचा."

"आणि ब्राउझरमध्ये?"

"तिथे तुम्ही कोण ते कळत नाही. नुसतं ‘पाहुणा’ असं येतं."

"मग ब्राउझर."

"‘नेहमी’ दाबा म्हणजे रोज विचारणार नाही."

"नको. फक्त एकदा. मला एकदाच पाहायचंय."

"का?"

"गंमत म्हणून," मी म्हणालो. चाळीस वर्षं विनोदी सदर लिहिलेल्या माणसाचं हे उत्तर कुणालाही पटतं. बायको सोडून.

अबोल्याचं कारण एक वाक्य होतं. सोलापूरच्या एका दैनिकात दर रविवारी माझं ‘तिरकी रेघ’ नावाचं सदर यायचं. एका रविवारी विषय सुचेना, म्हणून मी मित्रावर लिहिलं. लेखकाच्या मित्रांचं आयुष्य बोकडासारखं असतं. आज नाही तर उद्या. मथळा दिला, ‘मोडी, पण वाकणार नाही’, आणि आत लिहिलं: ‘मोडी लिहिणाऱ्यालाही पुन्हा वाचता येत नाही. आमचे एक मित्र मात्र ती वाचतात. म्हणजे समोर कागद धरतात आणि मनातलं सांगतात.’

गाव हसलं. त्या काळी लोक जुने जमिनीचे कागद घेऊन रेवणकडे जायचे, आणि तो वाचून दाखवील त्यावर भावाभावांचे बांध ठरायचे. त्या रविवारनंतर कागद पुढे करताना लोक डोळा मिचकावू लागले. "वाचा, अण्णा, मनातलं." एका वाटणीत तर हरलेल्या भावाने माझं कात्रणच पुढे केलं, असं मला फार नंतर कळलं.

सोमवारी रेवण घरी आला. बसला नाही. वर्तमानपत्र माझ्या टेबलावर नीट चौघडी करून ठेवलं आणि म्हणाला, "मुक्या, वाक्य चांगलं आहे." आणि गेला.

मी मुकुंद धारूरकर. मुक्या हे माझं शाळेतलं नाव. पुढची अकरा वर्षं त्या नावाला मी जागलो.

मी माफी का मागितली नाही, असं शरयूने पुष्कळदा विचारलं. उत्तर सोपं होतं. त्याने ‘वाक्य वाईट आहे’ म्हटलं असतं तर मी भांडलो असतो, भांडून रडलो असतो आणि चहा प्यालो असतो. पण ‘चांगलं आहे’ म्हणणाऱ्या माणसाची माफी कशी मागतात? पहिला आठवडा मी शब्द शोधण्यात घालवला. नंतर महिना झाला, वर्ष झालं, आणि मग कुठल्या तोंडाने जायचं हा प्रश्न दरवर्षी एका वर्षाने मोठा होत गेला. त्याचं घर बारा मिनिटांवर. मी भाजीला जाताना अठरा मिनिटांच्या रस्त्याने जायचो.

तर त्या दिवशी मी ब्राउझर दाबलं, फक्त एकदा, आणि पडद्यावर रेवण आला. पोट थोडं पुढे, केस पुष्कळ मागे. हातात खडू. कोपऱ्यात लिहून आलं, ‘पाहुणा आला’. वर आकडा होता सात.

"या पाहुणे," रेवण पडद्याकडे न बघताच म्हणाला. "मोडीत आधी रेघ. पानभर रेघा ओढून घ्यायच्या आणि मग अक्षरं खाली टांगायची, दोरीवरच्या कपड्यांसारखी. हात उचलायचा नाही. शब्दाशब्दांत जागा सोडायची नाही."

"मग शब्द संपला कुठे ते कसं कळायचं?" मी विचारलं.

"तुमचा आवाज तिकडे जात नाही," शरयू म्हणाली.

"ते अर्थ बघून कळतं," रेवण म्हणाला. "घाई केली की घोटाळा. आणि ऱ्हस्व-दीर्घाची चिंता सोडा. मोडीत इकार एकच, उकार एकच."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ब्राउझर दाबलं, फक्त एकदा. तिसऱ्या दिवशीही. एक दोनशे पानी वही आणली, तीही फक्त एकदा. आठवड्याभरात सातांचे चार झाले, महिन्यात दोन, आणि दिवाळीनंतर आकडा एकावर येऊन थांबला. तो एक मी होतो.

मला वाटलं, आता हा बंद करील. एका माणसासाठी कोण रोज फळा पुसतो? पण चार वाजले की लिंक यायची. मी दाराची कडी लावून बसायचो. कुणी आलं तर शरयू सांगायची, "ते पूजेला बसलेत." माझी नास्तिकता गल्लीला माहीत होती, लोक वयाला दोष देऊन परत जायचे.

"या पाहुणे," रेवण म्हणायचा. "काल ‘घर’ हा शब्द दिला होता लिहायला. लिहिलं असेलच."

मी वही उघडी धरायचो. कुणाला दाखवायला, ते मला आजही सांगता येणार नाही.

फक्त गुरुवार चुकायचा. आमच्या भागात दुरुस्तीसाठी गुरुवारी दुपारी दोन ते सहा लाइट जायची, आणि लाइटबरोबर घरचं वायफाय. पण शुक्रवारी पाहावं तर गाडी बुधवारच्याच अक्षरावर उभी. गुरुवारी हा गृहस्थ करत काय होता, कोण जाणे.

"सरकारी नोकरीची सवय," मी शरयूला म्हणालो. "आठवड्यात एक दिवस खुर्चीला कोट टांगून बाहेर."

शरयू काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मी सहसा चुकलेला असतो.

असे सहा-सात महिने गेले. एप्रिल आला. सोलापूरचा एप्रिल म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगायला नको आणि इतरांना सांगून खरं वाटत नाही. एक दिवस आंब्याची पेटी आली होती. चारला पाच मिनिटं असताना मी तिसऱ्या आंब्यात कोपरापर्यंत बुडालेलो होतो, आणि फोन वाजला.

"शरयू, लिंक उघड. माझे हात भरलेत."

"कशाने उघडू, विचारतोय."

"रोजचंच. ब्राउझर. फक्त एकदा."

शरयूने चष्मा वर केला, खाली केला, आणि बोट टेकवलं. दोनदा. रेवण पडद्यावर आला. त्याची पाठ आमच्याकडे होती, तो ‘ळ’ काढत होता. आणि खाली एक हिरवी पट्टी सरकत आली: ‘मुकुंद धारूरकर आले’. शेजारी पासपोर्टचा फोटो. पासपोर्टच्या फोटोत सगळेच गुन्हेगार दिसतात, मी त्यातला सराईत दिसतो.

"अगं, काय दाबलंस?"

"अ‍ॅप," शरयू म्हणाली. "नेहमी."

"मी फक्त एकदा म्हटलं होतं!"

"दोनशे वेळा फक्त एकदा केलंत. मला कंटाळा आला तो प्रश्न वाचायचा."

"बंद कर! बंद कर आधी!"

"हात माझे कोरडे आहेत," ती म्हणाली, "पण मी नाही करणार." आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून माझ्यासमोर उभा केला.

तोवर रेवण वळला होता. त्याने पडदा वाचला. खडू हवेतच राहिला. कोयीवरून रस माझ्या मनगटावर ओघळत होता आणि तो मला दिसत असल्यासारखा मी श्वास रोखून बसलो होतो. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याकडे बघत होता, निदान माझ्या पासपोर्टकडे तरी.

"काय झालं हो?" फोनमागून नीलावहिनींचा आवाज आला. "लाइट गेली?"

"नाही," रेवण म्हणाला. "आली."

त्याने फळा पुसला. सावकाश, कोपऱ्यांसकट. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढली आणि हात न उचलता एक ओळ लिहिली. बाजूला सरकून उभा राहिला, परीक्षेतला पर्यवेक्षक उभा राहतो तसा. मी अक्षर अक्षर पाहून घेतलं. मग पडदा काळा झाला.

"काय लिहिलंय?" शरयूने विचारलं.

मी हात धुतले, वहीत ओळ उतरवली आणि खाली देवनागरीत केली: ‘रागनाहीयेउनजा’.

"राग नाहीये," मी वाचलं. आवाज जरा हलला. मी तो आंब्यावर ढकलला. "राग नाहीये. ऊन जा."

"ऊन जा? म्हणजे काय?"

"मोडीत उकार एकच असतो. ऊन. उन्हाळ्यातलं."

"ते कळलं. ‘ऊन जा’ म्हणजे काय?"

"ऊन जाऊ दे, मग ये, असं असणार. फळा संपला असेल. सरकारी माणूस, वाक्य पूर्ण करायची सवय नाही."

"फोन करून विचारा की."

"अकरा वर्षांनी फोन करायचा आणि विचारायचं काय, तर ऊन गेलं का? नाही. त्याने स्पष्ट लिहिलंय. ऊन गेल्यावर जायचं."

ऊन जाता जाईना. साडेचारला मी दाढी केली. पाचला सदरा बदलला, सव्वापाचला पुन्हा पहिलाच घातला. मधे अर्धा तास टेबलाशी बसून एक कागद लिहिला, फाडला, लिहिला. आयुष्यभर आठशे शब्द तासाभरात पाडणारा मी. त्या दिवशी तीन शब्दांना तीन कागद लागले. सहाला गच्चीवर जाऊन आलो. भिंतीवर ऊन होतं.

"अजून आहे?" शरयूने खालून विचारलं.

"आहे."

"मग बसा." ती आता हसू लपवायचे कष्टही घेत नव्हती.

पावणेसातला भिंत विझली आणि मी निघालो, बारा मिनिटांच्या रस्त्याने. तो नऊ मिनिटांत संपला.

रेवण अंगणात खुर्ची टाकून बसला होता. दुसरी खुर्ची समोर रिकामी होती. मधल्या स्टुलावर चहाचे दोन कप, आणि चहावर साय धरलेली.

"या पाहुणे," तो म्हणाला. "सव्वाचारला बोलावलं. घड्याळ मोडलं का तुमचं?"

"तूच लिहिलंस ना?" मी म्हणालो. अकरा वर्षांनंतरचं माझं पहिलं वाक्य हे असं होतं. "ऊन जाऊ दे म्हणून?"

"मी?"

"ऊन जा, असं लिहिलंस. राग नाहीये, ऊन जा."

रेवणने माझ्याकडे पाहिलं. मग आत वळून हाक मारली, "नीले, ऐकलंस का गं! हा उन्हाला घालवत बसला होता!" त्याने खुर्चीखालून पाटी काढली, ती तिथे का होती, हे मी विचारलं नाही. ओळ पुन्हा लिहिली आणि माझ्या नाकासमोर धरली. "वाच. बोट ठेवून वाच. राग नाही. कळलं? राग नाही. पुढे. येऊन जा."

मी बोट ठेवलं. रा-ग-ना-ही. येऊन. जा.

"तीन तास, मुक्या. तीन वेळा चहा केला हिने. मला वाटलं, हा आता यायचा नाही." त्याने पाटी मांडीवर ठेवली. "कुठे तोडायचं आणि कुठे नाही, हे तुला आयुष्यात कळलं नाही."

मी खुर्चीत बसलो.

नीलावहिनी बाहेर आल्या, गार कप उचलले आणि म्हणाल्या, "भावजी, साखर आहे ना अजून चालत?"

"चालते."

"शरयूची परवानगी विचारत नाहीये, तुमची विचारतेय." आणि आत गेल्या.

"आज नावानिशी कसा काय आलास?" रेवणने विचारलं.

"बायकोने ‘नेहमी’ दाबलं."

"हं. बदलता येतं म्हणे ते. सेटिंगमध्ये जाऊन."

"येतं म्हणे."

"बदलणार?"

"सेटिंग कुठे असतं मला माहीत नाही," मी म्हणालो. मला माहीत होतं.

तो नखाने पाटीच्या चौकटीवरचा खडू काढत बसला. मग मी विचारलं, "नाव आज कळलं. पण तू दचकला नाहीस फारसा. तुला आधीच माहीत होतं, पाहुणा कोण ते?"

"दिवाळीपासून."

"शरयू बोलली?"

"वहिनी कशाला बोलतील? गुरुवारी तुमच्याकडे लाइट जाते. गुरुवारी माझ्या एकाचा शून्य व्हायचा. दर गुरुवारी. आणि शुक्रवारी पुन्हा एक." त्याने खांदे उडवले. "जमिनीचे कागद बघत हयात गेली, मुक्या. एवढा पुरावा मला पुरतो."

"मग गुरुवारी वर्ग घ्यायचास कोणासाठी?"

"उजळणी घ्यायचो. नीलाची. ती कंटाळली माझ्या ‘क’ला." आणि मग, पाटीकडे बघत, "तू नसताना नवीन अक्षर कसं घेणार? तू मागे पडला असतास."

घरात पातेल्याचं झाकण पडल्याचा आवाज झाला. मी खिशातून कागद काढला आणि त्याच्या हातात दिला.

मी त्यावर रेघ ओढून, हात न उचलता, मोडीत तीन शब्द लिहिले होते: ‘वाक्य चांगलं नव्हतं’.

रेवणने चष्मा लावला. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. बराच वेळ लागला त्याला. एवढा वेळ लागण्यासारखं माझं अक्षर वाईट नव्हतं. नीलावहिनी चहा घेऊन बाहेर आल्या आणि त्याच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या.

"काय लिहिलंय हो भावजींनी?"

रेवणने घसा खाकरला. कागद समोर धरला, पूर्वी कज्जेदारांसमोर धरायचा तसा, ताठ, दोन्ही हातांत.

"लिहिलंय," तो म्हणाला, "की गुरुवारी आमच्याकडे लाइट जाते, सबब दर गुरुवारी दुपारी चारला तुमच्याकडे समक्ष येत जाईन. येताना आंबे आणीन. कळावे."

"असं कुठे लिहिलंय?" मी म्हणालो.

रेवणने कागदाची नीट चौघडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"मोडी आहे," तो म्हणाला. "लिहिणाऱ्याला पुन्हा वाचता येत नाही."